वाचनालयाला मिळालेला उभा पृथ्वीगोल: जुना नकाशा राखावा की नवा चिकटवावा?

वाचनालय_सेवक, सोलापूर
सोलापुरातल्या एका जुन्या पेठेतील वाचनालयाचे काम मी गेली अकरा वर्षे पाहतो. गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतला एक वाडा पाडायला काढला, तेव्हा त्या कुटुंबाने तीन कपाटे भरून पुस्तके आणि जमिनीवर उभा राहणारा एक मोठा पृथ्वीगोल वाचनालयाला दिला. गिरण्यांच्या भरभराटीच्या काळात आजोबांनी तो मुंबईहून आणला होता, एवढेच घरातल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे. पावती किंवा पत्र असे काहीही नाही.

गोल तीन कातीव पायांच्या लाकडी घोडीत बसवलेला आहे आणि त्याचा माथा माझ्या छातीपर्यंत येतो. भोवती आडवे रुंद लाकडी कडे आहे, त्यावर महिने, तारखा आणि राशींची चित्रे छापलेला कागद चिकटवलेला आहे. त्या कड्याच्या खाचांमध्ये अंश कोरलेले एक उभे पितळी कडे बसते आणि गोल त्या पितळी कड्यात फिरतो. समुद्राचा निळा रंग आता चहासारखा तपकिरी झाला आहे. विषुववृत्तावर एक लांब भेग आहे. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका यांच्या मधोमध तळहाताएवढा कागद नाहीसा होऊन आतला पांढरा थर दिसतो, कारण वाड्यात कोणीतरी तो ओल्या फडक्याने पुसला होता. पॅसिफिक महासागरात बनवणाऱ्याचे नाव होते, त्यातले इंग्रजीतले ‘अँड सन, लंडन’ एवढेच उरले आहे. गोल फिरवला की आतून खुळखुळ असा आवाज येतो. तीन पायांना खाली जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या जिथे एकत्र येतात तिथे एक गोल खळगा आहे, त्याचे प्रयोजन कोणालाच सांगता येत नाही.

विश्वस्तांचे म्हणणे असे आहे की नकाशावरचे देश आता बदललेले असल्यामुळे मुले चुकीचे शिकतील, म्हणून फ्लेक्स छापणाऱ्याकडून नवा जगाचा नकाशा काढून त्यावर चिकटवावा, भेगांत लांबी (पुट्टी) भरावी, खळगा लाकडाने बुजवावा आणि घोडीला फ्रेंच पॉलिश करून घ्यावे. पंधरा दिवसांनी बैठक आहे. माझे मन या बेताला तयार नाही, परंतु बैठकीत मांडण्यासारखी माहितीही माझ्याजवळ नाही. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

भूगोलाच्या_बाई
नमस्कार सर. मी सोलापुरातच एकतीस वर्षे माध्यमिक शाळेत भूगोल शिकवला. निर्णय काहीही होवो, त्याआधी गोलाचे माप आणि वय या दोन गोष्टी ठरवून घ्याव्यात.

शिंप्याकडची कापडी टेप विषुववृत्तावरून हलकेच फिरवा आणि येणाऱ्या आकड्याला ३.१४ ने भागा, म्हणजे व्यास मिळेल. वयासाठी काही नावे शोधा. रशियात बाल्टिक समुद्राजवळच्या शहराचे नाव सेंट पीटर्सबर्ग, पेट्रोग्राड की लेनिनग्राड आहे, कारण ही नावे अनुक्रमे १९१४ आणि १९२४ मध्ये बदलली. नॉर्वेची राजधानी ख्रिस्तियानिया आहे की ओस्लो, कारण हा बदल १९२५ चा आहे. व्होल्गा नदीवर त्सारित्सिन आहे की स्टालिनग्राड, तोही बदल १९२५ चाच. पर्शिया आहे की इराण, हा बदल १९३५ चा. ब्रह्मदेश हिंदुस्थानाच्या रंगात आहे की वेगळ्या, कारण १९३७ मध्ये तो प्रशासकीयदृष्ट्या वेगळा झाला. चीनच्या ईशान्येकडील मांचुरियाकडेही पाहा.

एक सावधगिरी मात्र बाळगावी लागते. नवे नाव सापडले तर गोल त्या सालानंतरचा आहे हे निश्चित होते, परंतु जुने नाव सापडले म्हणून गोल त्या सालाआधीचा ठरत नाही. नकाशाचे ठसे कोरणे अतिशय खर्चाचे काम होते, त्यामुळे कारखानदार गरजेपुरतेच बदल करीत आणि जुनी छपाई संपेपर्यंत वापरीत.

वाचनालय_सेवक
बाई, आपले आभार. आज दुपारी भिंग घेऊन बसलो. परिघ १४३.५ सेंटिमीटर भरला. लेनिनग्राड, ओस्लो आणि स्टालिनग्राड ही तिन्ही नावे आहेत. मांचुरियाच्या जागी वेगळ्या रंगात ‘मांचुकुओ’ असे छापलेले आहे. इराण नाही, पर्शिया आहे. ब्रह्मदेश आणि हिंदुस्थान एकाच गुलाबी रंगात आहेत. आणि आपल्या गावाचे नाव जुन्या इंग्रजी वळणाने ‘शोलापूर’ असे स्पष्ट वाचता येते. ते पाहून वाचनालयातली चार मुले भिंगासाठी रांगेत उभी राहिली.

भूगोलाच्या_बाई
म्हणजे व्यास ४५.७ सेंटिमीटर, अर्थात १८ इंच. ग्रंथालयासाठी आणि श्रीमंतांच्या दिवाणखान्यासाठी बनणाऱ्या उभ्या गोलांचे हे इंग्लंडमधले ठरलेले माप होते. मांचुकुओ हे राज्य जपानने १९३२ मध्ये उभे केले, त्यामुळे नकाशा १९३२ नंतरचा आहे हे पक्के. पर्शिया आणि ब्रह्मदेश पाहता तो त्या दशकाच्या मध्याच्या पुढे फारसा जात नसावा. घोडी मात्र त्याच वयाची असेल असे गृहीत धरू नये, कारण जुन्या घोडीत नवा गोल बसवण्याचीही रीत होती.

या मापाच्या गोलावर १ सेंटिमीटर म्हणजे सुमारे २७९ किलोमीटर. सोलापूर ते मुंबई सरळ रेषेतले अंतर त्यावर जेमतेम सव्वा सेंटिमीटर भरते. एव्हरेस्टची उंची या प्रमाणात मिलिमीटरच्या एक तृतीयांशाहूनही कमी होते, आणि पृथ्वी ध्रुवांकडे चपटी आहे असे आपण शिकवतो तो ४३ किलोमीटरांचा फरक येथे अवघा दीड मिलिमीटर असतो. म्हणूनच उंचवटे हाताला लागणारे आजचे शोभेचे गोल मला पटत नाहीत, कारण त्यांवर हिमालय दहा-वीस पटींनी फुगवलेला असतो आणि तो तसा फुगवला आहे हे कुठेही लिहिलेले नसते.

दप्तरबांधणी
माझा व्यवसाय पुस्तकबांधणीचा आहे आणि जुन्या कागदाची दुरुस्ती मी शिकलो आहे, त्यामुळे गोल बनतो कसा हे आधी सांगतो. ते कळले की फ्लेक्सचा प्रश्न आपोआप सुटेल.

जुने कारागीर लाकडी साच्यावर खळीत भिजवलेल्या कागदाच्या पट्ट्यांचे थरावर थर देऊन पुठ्ठ्यासारखी दोन अर्धगोल कवचे करीत. आत एक लाकडी दांडा उभा करून त्यावर ही दोन कवचे विषुववृत्तावर जोडीत. आपल्या गोलाची भेग नेमकी याच सांध्यावर आली आहे. वरून चुना किंवा खडूभुकटी आणि सरस यांचा काही मिलिमीटर जाडीचा लेप देऊन, तो ओला असताना अर्धवर्तुळाकार पट्टीखाली गोल फिरवीत राहायचे, म्हणजे जास्तीचा लेप खरवडला जाऊन आकार बिनचूक होतो. आपण ज्याला आतला पांढरा थर म्हणता तो हाच. इतके करूनही गोल एका बाजूला जड राहतो आणि सोडला की तीच बाजू खाली येते, म्हणून आत शिशाच्या छर्‍यांची लहान पिशवी चिकटवून तोल साधत. आपल्याला येणारा खुळखुळाट बहुधा त्या पिशवीतून सुटलेल्या छर्‍यांचा आहे. त्यासाठी गोल फोडण्याची काहीही गरज नाही.

आता नकाशा. सपाट कागद गोलावर सुरकुतल्याशिवाय बसत नाही. म्हणून नकाशा दोन्ही टोकांना निमुळत्या बारा पाकळ्यांमध्ये छापतात, प्रत्येक पाकळी ३० रेखांशांची. आपल्या गोलावर एक पाकळी विषुववृत्तापाशी जवळजवळ १२ सेंटिमीटर रुंद असेल, भिंगाने पाहिल्यास दर १२ सेंटिमीटरांवर सांधा दिसेल. अमेरिका हे नाव ज्यांवर पहिल्यांदा छापले गेले त्या १५०७ च्या कामांत जर्मन नकाशाकार वाल्डसेमुलरचा गोलाचा नकाशा अशाच बारा पाकळ्यांचा आहे. नकाशाकार मर्केटरने १५४१ च्या आपल्या गोलासाठी पाकळ्यांची टोके ध्रुवांच्या अलीकडेच तोडली आणि ध्रुवांवर वेगळ्या गोल टोप्या चिकटवल्या, कारण बारा टोके एका बिंदूवर आणताना ती हमखास चोळामोळा होत.

सर्वांत कठीण भाग याच्या पुढचा आहे. खळ लावलेला कागद ओला होताच ताणतो, आणि तोही आडवा जास्त व उभा कमी किंवा उलट, कागदाच्या धाग्याप्रमाणे. चांगला कारागीर हा ताण हिशेबात धरून नकाशा आधीच किंचित लहान कोरतो आणि बोटांच्या टोकांनी ओला कागद अशा बेताने दाबत नेतो की शेवटच्या पाकळीची किनार पहिलीला नेमकी भिडावी. व्यासात १ मिलिमीटरची चूक झाली तर परिघात ती ३ मिलिमीटरांहून मोठी होते आणि शेवटच्या सांध्यात महासागर तरी फाटतो किंवा एखादे बेट तरी झाकले जाते.

फ्लेक्स छापणारा आपल्याला आयताकृती नकाशा देईल. तो गोलावर बसणार नाही, बसवलाच तर घड्या पडतील, आणि त्याच्या मागचा गोंद पुढे काढताना नव्वद वर्षांचा कागद सोबत घेऊन येईल. एकदा ते झाले की परतीची वाट नाही.

पूर्वभाग
आमचे घर पूर्व भागातले, तीन पिढ्या मागावर गेल्या. घरात आम्ही तेलुगू बोलतो, परंतु शिक्षण मराठीत झाले. वरचा प्रतिसाद वाचताना वडिलांचे हात आठवले. ताण्याच्या सुताला कांजी द्यायची तर ती किती पातळ, किती गरम आणि हवा किती कोरडी हे बोटाला कळावे लागते. कांजी जास्त झाली तर सूत कडक होऊन तुटते, कमी झाली तर मागावर पिंजते. ओल्या सुताचा ताण आणि वाळल्यावरचा ताण यांत फरक पडतो, हे इथल्या विणकराला कोणी शिकवावे लागत नाही. पाकळी चिकटवणाऱ्या कारागिराचे काम याच जातीचे दिसते.

माझा प्रश्न असा आहे की खळीला कसर आणि झुरळे लागतात, म्हणून बांधणीवाले खळीत मोरचूद घालतात. निघालेली किनार चिकटवताना इथेही तसेच करावे का?

दप्तरबांधणी
मोरचूद घालू नये. रोजच्या बांधणीत आम्ही तो घालत आलो आहोत हे खरे, परंतु तांब्याचे क्षार कागदाला हळूहळू ठिसूळ आणि तपकिरी करतात, म्हणून जपणुकीच्या कामात ते वर्ज्य आहेत. गव्हाच्या स्टार्चची साधी ताजी खळ घ्यावी, ती पुढे गरज पडल्यास ओलाव्याने सोडवता येते. फेविकॉलसारखा पांढरा डिंक वापरू नये, कारण तो नंतर सुटत नाही. आणि हेही केवळ सुटलेल्या किनारींपुरते. वरचे पिवळे वार्निश काढणे, गेलेला समुद्र भरणे ही कामे घरी करण्याजोगी नाहीत. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलावस्तूंच्या जतनाचा स्वतंत्र विभाग आहे, छायाचित्रे पाठवून तिथे सल्ला विचारावा. तोपर्यंत कोरड्या मऊ ब्रशने धूळ झाडावी, दुसरे काही करू नये.

जागेबद्दलही लिहितो. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ अंशांच्या वर जातो आणि हवा हाडासारखी कोरडी होते, लगेच जूनमध्ये दमटपणा येतो. लाकूड, लेप आणि कागद हे तिघे वेगवेगळ्या मानाने आक्रसतात आणि फुगतात, भेगा त्यातूनच पडतात. गोल पश्चिमेच्या खिडकीजवळ ठेवू नये, आणि कूलरच्या झोतात तर मुळीच नको.

शिसवी
जुन्या फर्निचरची दुरुस्ती हे माझे काम आहे. घोडीची छायाचित्रे पाहिली. पाय महोगनीचे वाटतात, कातकाम उत्तम आहे आणि सांधे अजून घट्ट आहेत. त्या खळग्यात लाकूड कृपा करून भरू नका. तिथे होकायंत्र असे. इंग्लंडमध्ये अठराव्या शतकाच्या अखेरीपासून कॅरी बंधूंसारखे कारागीर मोठे गोल बनवीत, तेव्हा पायांच्या मधोमध काचेखाली चुंबकसुई बसवण्याची पद्धत रुळली होती. घोडी फिरवून सुई उत्तरेवर आणली की गोलाचा अक्ष खऱ्या दिशेला लागतो. खळग्याचा व्यास आणि खोली कळवावी.

पॉलिशबद्दल माझे मत वेगळे आहे. फ्रेंच पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडा लाख, आणि जुन्या लाखेवर तीच लाख देणे यात अपाय नाही, लाकडाला त्याने संरक्षणच मिळते. मात्र ते फक्त पायांना, आणि आडव्या कड्यापासून दूर. कड्यावरच्या छापील कागदाला स्पिरिट लागले तर त्यावरचे वार्निश विरघळून अक्षरे पुसली जातील.

दप्तरबांधणी
पायांपुरते आपले म्हणणे मान्य आहे. पॉलिश करताना गोल आणि पितळी कडे खोलीबाहेर काढून ठेवावे, एवढेच सुचवतो.

एक_विश्वस्त
मी त्याच वाचनालयाचा विश्वस्त आहे आणि नकाशा बदलावा असे म्हणणाऱ्यांपैकी आहे, म्हणून माझी बाजू मांडतो. आमच्याकडे येणारी बहुतेक मुले कामगारांच्या घरांतली आहेत, घरी ॲटलास नाही. वाचनालय म्हणजे संग्रहालय नव्हे. ज्या गोलावर पाकिस्तान नाही, बांगलादेश नाही, आफ्रिकेतले बहुतेक देश नाहीत, तो मुलांपुढे ठेवून आम्ही त्यांना काय देणार? शिवाय भारताच्या सीमांविषयी कायदा कडक आहे असे ऐकतो. देणगीचा मान राखून तो उपयोगी करावा, एवढाच माझा हेतू आहे.

भूगोलाच्या_बाई
आपली कळकळ योग्य आहे आणि मुलांचा विचार आधी व्हावा हे मलाही मान्य आहे. तरीही दोन गोष्टी सांगते.

कायद्याचा मुद्दा नव्या नकाशालाच अधिक लागू पडतो. १९६१ च्या फौजदारी कायदा सुधारणा अधिनियमानुसार, भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशांशी न जुळणारा भारताचा नकाशा प्रसिद्ध करणे हा गुन्हा आहे आणि त्याला सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. इंटरनेटवर सहज मिळणाऱ्या जगाच्या कितीतरी नकाशांत जम्मू-काश्मीर आणि अरुणाचलच्या सीमा वेगळ्या दाखवलेल्या असतात. फ्लेक्ससाठी कोणी तसाच नकाशा उतरवून घेतला तर अडचण तिथे उभी राहील.

दुसरी गोष्ट उपयोगाची. आजचे देश शिकवण्यासाठी शाळेत वापरतात तसा नवा, सर्वेक्षण विभागाच्या सीमांप्रमाणे छापलेला लहान गोल शेजारी ठेवा, त्याला फार खर्च येत नाही. पण या जुन्या गोलाची आडवी आणि उभी कडी जे शिकवतात ते लहान गोलाला शिकवता येणार नाही. सोलापूर १७ अंश ४० मिनिटे उत्तर अक्षांशावर आहे. पितळी कडे खाचेत सरकवून उत्तर ध्रुव आडव्या कड्याच्या वर तितकेच अंश उचलला की सोलापूर गोलाच्या अगदी माथ्यावर आणता येते आणि ते लाकडी कडे आपले क्षितिज होते. कड्यावरच्या दिनदर्शिकेत मेच्या दुसऱ्या आठवड्यातली तारीख काढा, तिच्यासमोर सूर्याची रास आणि अंश दिलेले असतात. गोलावरच्या क्रांतिवृत्तावर, म्हणजे सूर्याचा वर्षभराचा मार्ग दाखवणाऱ्या रेषेवर, तो बिंदू शोधून पितळी कड्याखाली आणा. तो सोलापूरच्या अक्षांशालाच येऊन भिडेल, म्हणजे त्या दिवशी मध्यान्ही सूर्य आपल्या डोक्यावर असतो आणि सावली पायाखाली जाते. ऑगस्टच्या सुरुवातीला पुन्हा तसेच घडते. आता ध्रुवावरची तासांची चकती बारावर ठेवून गोल मागे फिरवा, तो बिंदू पूर्वेच्या कड्याला टेकेल तेव्हा चकतीवर सूर्योदयाची वेळ वाचता येते. ती स्थानिक सौर वेळ असते. आपण ८२.५ अंशांच्या रेखावृत्ताचे घड्याळ वापरतो आणि सोलापूर ७५.९ अंशांवर आहे, म्हणून सुमारे २६ मिनिटे मिळवावी लागतात. वर्षभरात सौर घड्याळच काही मिनिटे मागेपुढे होते, तेवढी तफावत राहील.

माझ्या नोकरीच्या एकतीस वर्षांत असा गोल मला एकदाही हाताळायला मिळाला नाही. मी हे सारे फळ्यावर खडूने काढत आले.

होटगी_रस्ता
धागा वाचून माझा प्रश्न विचारण्याचे धाडस करतो. नव्या घराच्या दिवाणखान्यासाठी जमिनीवर उभा राहणारा गोल घ्यायचा आहे. ऑनलाइन पितळी घोडीचे, खड्यांचे, झाकण उघडल्यावर आत बाटल्या ठेवण्याचे असे अनेक प्रकार दिसतात. चांगला कारागीर ओळखायचा कसा?

जुना_नकाशा
जुने नकाशे जमवण्याच्या छंदामुळे या विषयात थोडे वाचन झाले आहे, म्हणून उत्तर देतो.

शोभेसाठी मोठे गोल बनवण्याची परंपरा विद्येच्या परंपरेइतकीच जुनी आहे आणि उत्तम कारागिरांनी या दोन्हींत भेद केला नाही. ॲम्स्टरडॅमचा विलेम ब्लाऊ हा खगोलवेत्ता टायको ब्राहेकडे शिकलेला होता. त्याचे ६८ सेंटिमीटर व्यासाचे गोल व्यापाऱ्यांच्या दिवाणखान्यांत शोभेसाठी ठेवले जात, तरी त्यांवरची माहिती त्या काळी उपलब्ध असलेली उत्तमोत्तम होती. व्हेनिसचा फ्रान्सिस्कन साधू विन्चेन्झो कोरोनेली याने फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्यासाठी १६८१ ते १६८३ या काळात पृथ्वीचा आणि आकाशाचा असे जवळजवळ चार मीटर व्यासाचे दोन गोल बनवले. ते आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. अमेरिकेत ल्यूथर रेप्लोगल या विक्रेत्याने १९३० मध्ये शिकागोतल्या आपल्या राहत्या घरात गोल जुळवायला सुरुवात केली आणि घरोघरी एक गोल असावा हे ध्येय ठेवून कारखाना उभा केला. त्यांचा ३२ इंची, आतून उजळणारा उभा गोल ग्रंथालयांमधून अजूनही दिसतो. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ च्या नाताळला, रूझवेल्ट आणि चर्चिल यांना भेट दिलेले ५० इंची गोल शिकागोजवळच्या वेबर कॉस्टेलो कंपनीने केले होते. त्यांचे प्रमाण एकास एक कोटी होते आणि वजन सुमारे ३४० किलो. लंडनमध्ये पीटर बेलर्बी यांना वडिलांच्या ऐंशीव्या वाढदिवसासाठी मनासारखा गोल कुठेही मिळाला नाही, म्हणून २००८ मध्ये त्यांनी स्वतःच बनवायला घेतला. नुसत्या पाकळ्या न सुरकुतता चिकटवायला शिकण्यात त्यांचे कितीतरी महिने गेले. त्या धडपडीतून आज हाताने गोल बनवणारी एक कार्यशाळा उभी राहिली आहे.

आपल्याकडचे एक काम इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. मोगल काळात लाहोरच्या उस्ताद अल्लाहदाद यांच्या घराण्याने पितळेचे खगोल, म्हणजे आकाशाचे गोल, ओतले, ते कुठेही जोड नसलेले, आतून पोकळ आणि अखंड. मेणाची प्रतिकृती करून तिच्याभोवती मातीचा साचा चढवायचा, मेण वितळवून काढायचे आणि त्या जागी धातू ओतायचा, अशी ही रीत होती. युरोपातले कारागीर त्या काळी दोन अर्धगोल जोडत होते. पृथ्वीच्या गोलाचे म्हणाल तर क्षेमकर्ण या कारागिराने १५७१ मध्ये बनवलेला पितळी ‘भूगोल’ ऑक्सफर्डच्या विज्ञान-इतिहास संग्रहालयात आहे, त्यावर पुराणांतली द्वीपे आणि समुद्र कोरलेले आहेत.

आता खरेदी. गोल हातात घेऊन पाकळ्यांचे सांधे पाहा: अक्षवृत्ताची रेघ सांध्यावर तुटते का, एखादे नाव दोन पाकळ्यांत विभागताना अक्षरे खालीवर होतात का. विषुववृत्तावर जाड पट्टी चिकटवलेली असेल तर तिच्याखाली सांधा नीट भिडलेला नसण्याची शक्यता मोठी. गोल हलकेच फिरवून सोडा, चांगला तोललेला गोल दर वेळी वेगळ्या ठिकाणी थांबतो. नकाशा कोणत्या सालचा आहे हे त्यावर छापलेले असावे. दक्षिण सुदान दिसत नसेल तर तो २०११ नंतर सुधारलेला नाही. परदेशातून मागवणार असाल तर भारताच्या बाह्य सीमा चुकीच्या दाखवणाऱ्या नकाशांना आयातबंदी आहे हे लक्षात ठेवून आधी लेखी विचारणा करा. खड्यांच्या गोलांबद्दल एवढेच म्हणेन की त्यांवर देशांच्या किनाऱ्यापेक्षा दगडाची कड पाहून काप घेतलेला असतो. बाटल्यांच्या गोलाला मी गोल मानत नाही, ते कपाट आहे.

मुरादाबादचे पितळकाम आणि सहारनपूरचे लाकूडकाम जगात नावाजलेले आहे, त्यामुळे घोडी इथली उत्तम मिळू शकते. कमी पडतो तो नकाशा आणि तो चिकटवणारा हात. सोलापुरात खळीचा ताण ओळखणारे, लगद्याच्या मूर्ती घडवणारे, कातकाम जाणणारे लोक असताना इथे कोणी हे काम हाती घ्यावे असे मला मनापासून वाटते.

पूर्वभाग
गणपतीच्या लगद्याच्या मूर्ती करणारे एक कारागीर आमच्या शेजारी राहतात. त्यांना आज हा धागा वाचून दाखवला. अर्धवर्तुळाच्या पट्टीखाली गोल फिरवण्याची युक्ती त्यांनी दोनदा वाचायला लावली. दिवाळीनंतर हाताला सवड झाली की १२ इंचांचे एक कवच करून पाहू असे ते म्हणाले. पाकळ्या मी चिकटवीन.

वाचनालय_सेवक
काल बैठक झाली. सर्व प्रतिसाद छापून नेले होते. फ्लेक्सचा ठराव मागे घेतला आणि तो मागे घेण्याची सूचना त्याच विश्वस्तांनी मांडली, ज्यांनी वर लिहिले आहे. मंजूर रकमेतून १२ इंची नवा गोल घ्यायचा, मुंबईला सल्ल्यासाठी छायाचित्रे पाठवायची आणि फक्त पायांना लाखेचे पॉलिश करायचे, असे ठरले. गोल पश्चिमेच्या खिडकीपासून काढून संदर्भ कपाटांच्या आड ठेवला आहे.

शिसवी यांच्यासाठी माप: खळग्याचा व्यास ११ सेंटिमीटर, खोली साडेतीन. तळाशी चार बारीक खिळ्यांच्या खुणा आहेत.

एक प्रश्न राहिला. पितळी कडे काळवंडले आहे, ते चिंच लावून घासावे का?

दप्तरबांधणी
घासू नये. अंशांच्या रेघा उथळ कोरलेल्या असतात आणि प्रत्येक घासण्याबरोबर थोड्या झिजतात. सुक्या सुती फडक्याने पुसावे, आकडे वाचता येत असतील तर तेवढे पुरे.

शिसवी
११ सेंटिमीटर म्हणजे साधारण सव्वाचार इंची डबीचे होकायंत्र होते, खिळ्यांच्या खुणा तिच्या पितळी किनारीच्या असाव्यात. जुन्या बाजारात लक्ष ठेवतो. न मिळाल्यास खळगा तसाच मोकळा ठेवावा.

भूगोलाच्या_बाई
सर, रविवारी सकाळी दहाला येते. पितळी कडे खाचेतून सरकवताना दोघांनी गोल खालून धरावा लागेल, तेवढी माणसे बोलावून ठेवा. १७ अंश ४० मिनिटांची खूण आपण पेन्सिलीने न करता दोऱ्याने करू.